संक्षुब्ध ज्वलन व द्रायूंचे संगणकीय गणन

संक्षुब्ध ज्वलन म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या व क्षणोक्षणी वेग आणि दिशा बदलणाऱ्या प्रवाहात इंधन व हवा यांच्यामध्ये घडून येणारी उष्णताजनक रासायनिक विक्रिया. बाष्पित्राच्या भट्टीतील, मोटारगाडीच्या सिलिंडरातील व विमानाच्या झोत एंजिनातील ज्योत या प्रकारची असते. वाशिम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावी चुलीत पऱ्हाटी किंवा तुराटी पेटविली असता तळाशी शांत दिसणारी ज्योत वर जाता जाता फडफडू लागते, तेही याच अवस्थेकडे होणारे संक्रमण होय. अशा ज्योतीत कोठे किती तापमान असेल, इंधनाचा किती भाग न जळता राहील व उष्णता कोणत्या भिंतीवर पडेल, हे प्रत्यक्ष भट्टी बांधण्यापूर्वी सांगता येणे हा विसाव्या शतकातील अभियांत्रिकीचा एक अवघड प्रश्न होता. द्रायूंच्या (द्रव व वायू यांच्या) प्रवाहाची समीकरणे संगणकाच्या साहाय्याने सोडविणाऱ्या शाखेने तो व्यवहाराच्या आवाक्यात आणला. या शाखेच्या घडणीत पुण्यात जन्मलेले व शिकलेले अभियंते सुहास पाटणकर यांचा वाटा मूलभूत आहे. संक्षुब्ध ज्योतीचे संपूर्ण अचूक गणित व्यावहारिक भट्टीच्या बाबतीत अद्यापही साधलेले नाही. तथापि कशाचा त्याग करावा व कशाचा कधीही करू नये, याचा विवेक केल्यामुळे उपयुक्त उत्तरे मात्र मिळू लागली. त्या विवेकाचा इतिहास येथे दिला आहे.

पूर्वपीठिका : ज्योतीच्या शास्त्रीय अभ्यासाला एकोणिसाव्या शतकात वेग आला. मायकेल फॅराडे यांनी १८६०–६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांत मेणबत्तीच्या ज्योतीची अंतर्रचना प्रयोगांनी उलगडून दाखविली. मालार व ल शाताल्ये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८८३ मध्ये ज्वालाग्राही वायुमिश्रणातून ज्योत पुढे सरकण्याचा वेग उष्णतेच्या वहनाशी जोडणारी उपपत्ती मांडली. त्याच वर्षी मँचेस्टर येथे ऑझ्बर्न रेनल्ड्झ (१८४२–१९१२) यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रवाह मंद असेपर्यंत ही धार सरळ रेषेत जाते. वेग एका मर्यादेपलीकडे वाढविला की ती तुटते व रंग सर्व पाण्यात पसरतो. पहिल्या प्रवाहास स्तरीय व दुसऱ्यास संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. वेग, नळीचा व्यास व द्रायूची घनता यांच्या गुणाकाराला श्यानतेने (दाटपणामुळे प्रवाहास होणाऱ्या विरोधाच्या मापाने) भागले असता येणाऱ्या अंकाला रेनल्ड्झ अंक असे नाव आहे. नळीतील प्रवाहाच्या बाबतीत हा अंक सु. २,००० च्या पुढे गेल्यावर संक्षोभ संभवतो.

द्रायूच्या गतीची समीकरणे तत्पूर्वीच उपलब्ध होती. नाव्ह्ये यांनी १८२२ मध्ये व स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती सिद्ध केली होती. ती संक्षुब्ध प्रवाहालाही लागू पडतात. अडचण ती सोडविण्याची आहे. या समीकरणांत वेगाचा वेगाशी गुणाकार येतो व त्यामुळे मोठ्या भोवऱ्यातून लहान आणि लहानातून आणखी लहान भोवरे निर्माण होतात. अखेरीस श्यानतेमुळे सर्वांत लहान भोवऱ्यांची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. या लघुतम भोवऱ्यांचे आकारमान किती असते, याचा नियम रशियन गणितज्ञ कल्मगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये दिला. त्यावरून असे दिसते की, प्रत्येक भोवरा टिपणारे त्रिमितीय जाळे आखावयाचे, तर त्यातील बिंदूंची संख्या रेनल्ड्झ अंकाच्या ९/४ या घाताच्या प्रमाणात वाढते. हा अंक १०,००० असेल, तर बिंदूंची संख्या एक अब्जाच्या घरात जाते. आणि प्रत्येक बिंदूपाशी वेग, दाब, तापमान व वायूंची प्रमाणे क्षणोक्षणी काढावी लागतात.

यातून मार्ग म्हणून रेनल्ड्झ यांनीच १८९५ मध्ये सरासरीची कल्पना पुढे आणली. प्रत्येक राशी ही स्थिर सरासरी व तीभोवती होणारे चढउतार यांची बेरीज आहे, असे मानून सरासरीपुरतीच समीकरणे लिहावयाची. यामुळे प्रश्न आटोपशीर झाला. परंतु चढउतारांच्या गुणाकारांची सरासरी ही नवी अज्ञात राशी समीकरणांत शिरली आणि अज्ञात राशी समीकरणांपेक्षा अधिक झाल्या. ही तूट अनुभवसिद्ध अंदाजाने भरून काढणे भाग पडले. संक्षोभाची सर्व व्यावहारिक प्रतिमाने म्हणजे अशी तूट भरून काढण्याच्या निरनिराळ्या रीती होत.

आकड्यांनी प्रवाह सोडविण्याचे आरंभीचे प्रयत्न : हवामानाच्या समीकरणांची अंकगणिती उकल करण्याचा धाडसी प्रयत्न ल्यूइस फ्राय रिचर्ड्‌सन (१८८१–१९५३) या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी केला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करीत असताना त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या निरीक्षणांवरून सहा तासांत वायुदाबात होणारा बदल हाताने काढला. उत्तर १४५ मिलिबार आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. आपली ही चूक त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रांजळपणे नमूद केली आणि साऱ्या पृथ्वीचे हवामान घडत असतानाच त्याचे गणित करावयाचे, तर ६४,००० माणसे आकडेमोडीस बसवावी लागतील, असा हिशोबही मांडला. इलेक्ट्रॉनीय संगणक आल्यावर १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक या यंत्रावर हवामानाचे पहिले यशस्वी संगणकीय पूर्वानुमान करण्यात आले.

अभियांत्रिकीतील प्रवाहांसाठी न्यू मेक्सिको राज्यातील लॉस ॲलॅमॉस येथील प्रयोगशाळेचे कार्य महत्त्वाचे ठरले. तेथील हार्लो व वेल्च यांनी १९६५ मध्ये दाब कप्प्याच्या मध्यभागी व वेग कप्प्याच्या पृष्ठांवर मोजण्याची सरकत्या जाळ्याची युक्ती प्रसिद्ध केली. दोन्ही राशी एकाच बिंदूवर घेतल्यास बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक कमी-अधिक होणारा खोटा दाबही समीकरणांत खपून जातो. या युक्तीने तो दोष टळला. याच सुमारास लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग (१९२३–२०१६) यांच्याभोवती संशोधकांचा एक गट तयार झाला. इंधनाच्या थेंबाचे व ज्योतीचे ज्वलन हा स्पॉल्डिंग यांच्या अभ्यासाचा मूळ विषय असल्याने या गटाचे लक्ष आरंभापासून तप्त व जळणाऱ्या वायूंकडे होते.

पाटणकर यांचे कार्य : सुहास पाटणकर यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९४१ रोजी पुणे येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी व मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविल्यावर ते इंपीरियल कॉलेजात स्पॉल्डिंग यांच्या हाताखाली संशोधनास गेले व १९६७ मध्ये त्यांना पीएच्.डी. मिळाली. भिंतीलगतच्या पातळ थरात (सीमास्तरात) उष्णता व वस्तुमान यांचे संक्रमण कसे होते, याविषयीची त्या दोघांची पद्धती त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सीमास्तर जसजसा रुंदावत जाईल तसतसे गणनाचे जाळेही आपोआप रुंदावत जावे, अशी तीत योजना होती. संगणकाची स्मृती तोकडी असलेल्या त्या काळात कोणताही बिंदू वाया न जाऊ देणारी ही काटकसर फार मोलाची होती.

मात्र ही पद्धती एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापुरती होती. भट्टीत वायू मागे वळतात, कोपऱ्यांत घुटमळतात व ज्वालकाच्या तोंडाशी परत येऊन नव्या इंधनाला पेट देतात. अशा परतप्रवाहांसाठी स्पॉल्डिंग यांच्या गटाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धती दाब ही राशी समीकरणांतून वगळून त्याऐवजी प्रवाहफलन व आवर्तता या दोन राशी वापरीत असे. द्विमितीय प्रवाहात ती सोयीची होती. त्रिमितीय प्रवाहात मात्र राशींची संख्या वाढून तिची सोय नाहीशी होई. म्हणून दाबाकडे परत येणे क्रमप्राप्त झाले.

दाबाची अडचण व तिचा परिहार : मंदगती प्रवाहात दाबाची स्थिती चमत्कारिक असते. वेग काढण्यास दाब माहीत असावा लागतो. पण दाबासाठी स्वतंत्र समीकरण नसते. कप्प्यात जेवढे वस्तुमान शिरते तेवढेच बाहेर पडले पाहिजे, ही अट तेवढी असते व तीत दाबाचा उल्लेखही नसतो. पाटणकर व स्पॉल्डिंग यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कोड्याची उकल पुढीलप्रमाणे केली. प्रथम दाबाचा एक अंदाज घ्यावा व त्यावरून वेग काढावेत. अंदाज चुकीचा असल्याने काही कप्प्यांत वस्तुमान साचत असल्याचे व काहींतून नाहीसे होत असल्याचे आढळेल. जेथे साचते तेथे दाब वाढवावा व जेथे घटते तेथे कमी करावा. त्यानुसार वेगही दुरुस्त करावेत आणि वस्तुमानाचा ताळेबंद जुळेपर्यंत हे चक्र फिरवावे.

दुरुस्तीचे समीकरण मांडताना शेजारच्या कप्प्यांतील वेगांच्या दुरुस्तीचा परिणाम त्यांनी जाणूनबुजून वगळला. वरवर पाहता ही चूक आहे. परंतु चक्राच्या अखेरीस सर्व दुरुस्त्याच शून्य होत असल्याने वगळलेले पदही शून्य होते आणि अंतिम उत्तरास बाध येत नाही. घाईने पूर्ण दुरुस्ती स्वीकारल्यास गणन भरकटते, म्हणून तिचा काही अंशच घ्यावयाचा. हे अंश वेगासाठी ०·५ व दाबासाठी ०·८ असावेत, अशी शिफारस पाटणकर यांनी पुढे आपल्या ग्रंथात केली. दाबाने जोडलेल्या समीकरणांसाठी अर्ध-अव्यक्त पद्धती, अशा अर्थाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ही पद्धती ‘सिंपल’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

या कार्याचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे अक्षय्यतेचा आग्रह. अवकल समीकरणाला बिंदूबिंदूंवर अदमासे रूप देण्याऐवजी पाटणकर यांनी प्रत्येक कप्प्याचा हिशोब मांडला. एका कप्प्यातून जेवढे वस्तुमान, संवेग किंवा उष्णता बाहेर पडते तेवढीच ती शेजारच्या कप्प्यात शिरली पाहिजे. जाळे कितीही भरड असले, तरी एकूण जमाखर्च जुळतोच. उत्तरातील बारकावा जाळ्यानुसार कमीअधिक होईल; परंतु भट्टीत घातलेली उष्णता कोठेतरी हरवली, असे कधीही होणार नाही. अभियंत्याला विश्वास वाटावा असे या पद्धतीत जे होते, ते हेच.

पाटणकर यांनी कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था व कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ येथेही काम केले. १९७५ पासून त्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन केले. उष्णतासंक्रमण व द्रायुप्रवाह यांच्या अंकीय गणनावरील त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोनशे पृष्ठांच्या या ग्रंथात सुधारित पद्धतीही दिलेली आहे. अवघड विषय सोप्या भौतिक युक्तिवादाने समजावून सांगणारे पाठ्यपुस्तक म्हणून त्याने अनेक पिढ्या घडविल्या. अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचे उष्णतासंक्रमण स्मृती पारितोषिक (१९९१) व माक्स याकोप पारितोषिक (२००८) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत.

ज्वलनाचे प्रतिमान : प्रवाह सुटला तरी ज्योत सुटत नाही. रासायनिक विक्रियेची त्वरा तापमानाबरोबर अत्यंत झपाट्याने वाढते, त्यामुळे तापमानाची सरासरी घेऊन त्वरा काढणे पूर्णपणे दिशाभूल करणारे ठरते. एखाद्या ठिकाणी अर्धा वेळ ३०० केल्व्हिनचा थंड वायू व अर्धा वेळ २,००० केल्व्हिनचा तप्त वायू जात असेल, तर सरासरी तापमान १,१५० केल्व्हिन येते. तापमानाशी ज्वलनत्वरेचे जे घातीय नाते असते त्यात २०,००० केल्व्हिन हा एक नमुनेदार स्थिरांक घेतला, तर दोन्ही अवस्थांतील त्वरांची खरी सरासरी ही सरासरी तापमानावरून काढलेल्या त्वरेच्या सु. ८०० पट भरते. प्रवाहाला उपयोगी पडलेली सरासरीची युक्ती रसायनाच्या बाबतीत अशी निकामी होते.

स्पॉल्डिंग यांनी १९७१ मध्ये या अडचणीला बगल देणारी एक कल्पना मांडली. तीव्र संक्षोभात विक्रिया इतक्या जलद होतात की, ज्वलनाला विलंब लागतो तो रसायनामुळे नसून मिश्रणामुळे. जळालेल्या व न जळालेल्या वायूंचे मोठे पुंजके भोवऱ्यांनी फुटून एकमेकांत मिसळले की ज्वलन झालेच, असे समजावे. मग ज्वलनाची त्वरा पुंजके फुटण्याच्या त्वरेवर, म्हणजे संक्षोभाच्या ऊर्जेचा ऱ्हास किती वेगाने होतो यावर, अवलंबून राहते. योगायोगाने जोन्स व लाँडर यांनी १९७२ मध्ये संक्षोभाची ऊर्जा व तिचा ऱ्हास या दोन राशींची समीकरणे असलेले प्रतिमान प्रसिद्ध केले. लाँडर व स्पॉल्डिंग यांनी १९७४ मध्ये त्याला सर्वमान्य रूप दिले. प्रवाहासाठी काढलेल्या या राशीच ज्वलनालाही पुरू लागल्या. नॉर्वेतील मॅग्नुसेन व यर्टागर यांनी १९७६ मध्ये ही कल्पना निरनिराळ्या आत शिरणाऱ्या इंधन व हवा यांच्या ज्योतींना लागू पडेल अशी वाढविली.

अशा रीतीने दाबदुरुस्ती, संक्षोभप्रतिमान व मिश्रणाधीन ज्वलन ही तिन्ही अंगे एकत्र आली. भट्टीतील त्रिमितीय प्रवाहाचे संगणकीय प्रतिमान हा पाटणकर व स्पॉल्डिंग यांचा निबंध १९७२ मध्ये भरलेल्या चौदाव्या आंतरराष्ट्रीय ज्वलन परिसंवादात सादर झाला. तोवर नव्या भट्टीचा आराखडा पूर्वीच्या भट्ट्यांच्या अनुभवावर व लहान प्रतिकृतींवर विसंबून करीत. लहान प्रतिकृतीत प्रवाह, प्रारण व विक्रिया यांची प्रमाणे एकाच वेळी मूळ भट्टीशी जुळविता येत नसल्याने तो मार्ग अपुरा होता. स्पॉल्डिंग यांच्या संस्थेने १९८१ मध्ये ‘फीनिक्स’ ही सर्वसाधारण उपयोगाची आज्ञावली बाजारात आणली. पुढे अशा अनेक आज्ञावली निघाल्या व त्यांतील पुष्कळांत ‘सिंपल’ पद्धती किंवा तिची सुधारित रूपे वापरली गेली.

एक कसोटी : अशा गणनावर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नाला लंडनमधील एका दुर्घटनेने गंभीर अर्थ प्राप्त झाला. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी किंग्ज क्रॉस या भुयारी रेल्वेस्थानकातील लाकडी सरकत्या जिन्याखाली लागलेली आग आरंभी किरकोळ वाटत होती. सुमारे पंधरा मिनिटांनी ती एकाएकी वरच्या तिकिटघरात उसळली व ३१ माणसे मृत्युमुखी पडली. आग इतक्या अचानक कशी भडकली, याचा उलगडा चौकशीत होईना. हारवेल येथील संशोधनकेंद्रातील शास्त्रज्ञांनी संगणकावर प्रवाहाचे गणन केले. तप्त वायू वर छताकडे न जाता जिन्याच्या तिरप्या चरातच पायऱ्यांना चिकटून वर सरकतात, असे त्यात दिसून आले. आगीच्या तज्ञांनी याविषयी शंका व्यक्त केली. कारण ज्योत सरळ वर जाते, हा सर्वांचा अनुभव होता. त्यानंतर बक्स्टन येथे एक-तृतीयांश आकाराची प्रतिकृती जाळून पाहिली, तेव्हा ज्योती खरोखरच चरात आडव्या झाल्या. चरात आडव्या झालेल्या ज्योतींनी पुढच्या पायऱ्या तापून एकदम पेट घेतला होता.

या गणनात ज्वलनाचे रसायन घेतलेले नव्हते. आग म्हणजे केवळ उष्णतेचा उगम मानला होता. तरीही प्रवाहाचा हिशोब नीट मांडल्याने अनुभवी माणसांना न सुचलेले उत्तर हाती आले. त्याचबरोबर प्रयोगाने दुजोरा मिळेपर्यंत त्या उत्तराला निर्णायक स्थान मिळाले नाही, हीही गोष्ट तितकीच बोधप्रद आहे.

मर्यादा व नंतरची प्रगती : मिश्रणाधीन ज्वलनाच्या प्रतिमानात मंद विक्रियांना स्थान नाही. कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजनाची ऑक्साइडे किती निर्माण होतील, काजळी किती धरेल, ज्योत केव्हा विझेल हे प्रश्न नेमके मंद विक्रियांवर अवलंबून असतात आणि प्रदूषणाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे असतात. यासाठी जर्मनीतील नोर्बर्ट पीटर्स यांनी संक्षुब्ध ज्योत म्हणजे अनेक पातळ, सुरकुतलेल्या स्तरीय ज्योतींचा समूह होय, ही कल्पना १९८० नंतर विकसित केली. स्टीव्हन पोप यांनी सरासरीऐवजी तापमान व घटकद्रव्ये यांच्या संभाव्यतेचे वितरणच गणनात घेण्याची पद्धती पुढे आणली. मोठे भोवरे प्रत्यक्ष काढून लहान भोवऱ्यांचेच प्रतिमान करण्याची स्मॅगोरिन्स्की यांची १९६३ मधील कल्पना मूळची हवामानशास्त्रातील. संगणकांची शक्ती वाढल्यावर ती ज्वलनातही रूढ झाली. कोणतेही प्रतिमान न घेता सर्व भोवरे व सर्व विक्रिया काढण्याचे प्रयत्नही होतात. परंतु ते लहान ज्योतींपुरते मर्यादित असून त्यांचा उपयोग मुख्यतः प्रतिमाने पारखण्यासाठी होतो.

भारतात हा विषय तंत्रज्ञान संस्थांतून रुजला. महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अनिल दाते यांनी त्याचे दीर्घकाळ अध्यापन केले. दाते यांचे संशोधनशिक्षणही इंपीरियल कॉलेजात झाले होते. द्रायूंच्या संगणकीय गणनावरील (२००५) व ज्वलनाच्या विश्लेषणावरील (२०११) त्यांचे दोन इंग्रजी ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केले आहेत. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे केंद्र या संस्थेत १९८५ मध्ये स्थापन झाले आणि तेथे लाकूडफाट्यावर चालणाऱ्या चुलीचाही शास्त्रीय अभ्यास झाला. दाते यांच्या ज्वलनावरील ग्रंथात इतर उपयोजनांच्या जोडीने या चुलीचे गणित दिलेले आहे.

चुलीचा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. तीत हवा ओढून घेणारा पंखा नसतो. तापलेल्या वायूच्या हलकेपणामुळेच हवेचा ओढा निर्माण होतो. हवा कमी पडली तर धूर व कार्बन मोनॉक्साइड वाढतात. जास्त आली तर ज्योत थंड पडून भांड्याला उष्णता कमी मिळते. किती हवा येईल हे ज्योतीच्या तापमानावर व ज्योतीचे तापमान येणाऱ्या हवेवर अवलंबून असल्याने दोन्ही एकदमच काढावी लागतात. बंदिस्त स्वयंपाकघरात चुलीच्या धुराचा त्रास सर्वाधिक स्त्रिया व लहान मुले यांना होतो आणि त्यामुळे श्वसनाचे विकार जडतात. हवेची भोके कोठे व केवढी असावीत, भांडे ज्योतीपासून किती उंचीवर असावे, या प्रश्नांची उत्तरे वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांचा ताळेबंद मांडूनच मिळतात. लंडनमध्ये मोठ्या औद्योगिक भट्टीसाठी जो हिशोब मांडला गेला, त्याची मूळ तत्त्वे आणि पऱ्हाटीवर भाकरी भाजणाऱ्या चुलीच्या हिशोबाची तत्त्वे एकच आहेत.